आधी बाबांची फाइल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

'फुल बॉडी चेकअप' बुक केलंस, सोबत 'कॅन्सर मार्कर' फुकट आहेत म्हणून. रद्द कर. त्या मार्करांतली सीईए ही रक्ततपासणी उपचार घेणाऱ्या रुग्णावर लक्ष ठेवायला ठीक आहे. धडधाकट माणसात लपलेला आजार शोधायला ती भरवशाची नाही. नुसत्या सिगारेटनेही तिचा आकडा वाढतो.

आधी बाबांची फाइल आण.

'पोटाचा कॅन्सर होता' असं लिहितोस. पोटात काय एकच अवयव असतो? जठर, मोठं आतडं, स्वादुपिंड, प्रत्येकाचा तुझ्याशी हिशेब वेगळा. आपल्याकडे तेरावं झालं की उरलेली औषधं आणि कागद एकाच पिशवीतून बाहेर जातात. माझ्या आईचे तसेच गेले, मी शाळेत होते. 'आईला नेमकं काय झालं होतं?' असं डॉक्टर विचारतात तेव्हा साठी उलटलेली मी आजही गप्प बसते. पुढे सगळी नोकरी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. अर्धवट भरलेला केसपेपर मी भल्याभल्या डॉक्टरांना परत पाठवायचे. खडूस म्हणायचे मला. म्हणोत.

नुसतं डिस्चार्ज कार्ड आणून मोकळा होऊ नकोस, मला बायॉप्सीचा रिपोर्ट हवा. त्यात गाठ कुठली ते असतं. शिवाय निदान झालं तेव्हाचं वय लिहून काढ. गेले तेव्हाचं नव्हे.

समजा मोठं आतडं निघालं आणि निदान 47 व्या वर्षी झालेलं. मग साधारण रीत अशी, की 40 व्या वर्षी किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाआधी 10 वर्षं, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी. म्हणजे 37. पण घरात लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतड्याचा नि गर्भाशयाचा कॅन्सर घराण्यात आणणारा, जनुकदोष असेल, तर ती बहुधा 20 ते 25 व्या वर्षीच सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात. तू 27 चा आहेस. दहा वर्षं थांबायचं की आत्ताच उशीर झालाय, हे मोबाइल सांगणार नाही, फाइल सांगेल. रिपोर्टमध्ये 'एमएमआर' शब्द शोध, लिंचचा संशय घ्यायचा की नाही ते सांगणारी गाठीची तपासणी ती. नसेल, तर लॅबमध्ये गाठीचा मेणात जपलेला तुकडा, ब्लॉक म्हणतात त्याला, असेल का ते विचार. माणूस गेल्यावरही त्यावर ती तपासणी होऊ शकते. दोष निघालाच, तर तो तुझ्यात उतरण्याची शक्यता निम्मी. निम्मी, पुरी नाही.

(शौचातून रक्त गेलं तर मात्र वयाचा हिशेब करू नकोस. 'मूळव्याध असेल' म्हणून घरी बसलेल्यांच्या फायली मी फार पाहिल्यात.)

1895 साली अमेरिकेत ॲन आर्बरला वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्याच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती खरोखर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. त्याने तिच्या कुळाची माहिती जमवून 1913 मध्ये छापली. त्या दोषाला लिंचचं नाव पुष्कळ नंतर लागलं. सुरुवात झाली ती घरात कोण कशाने गेलं हे लक्षात ठेवणाऱ्या त्या बाईपासून.

म्हणून आत्याला फोन कर. 'पिशवी काढली' एवढंच सांगेल ती. का काढली, कितव्या वर्षी, गाठ होती का, असेल तर गर्भाशयाच्या तोंडाशी की आतल्या अस्तरात? तोंडाशी असेल तर बहुतेक विषाणूचं काम. अस्तरातली असेल तर ती तुझ्या बाबांच्या आतड्याशी जोडलेली असू शकते. संकोच वाटला तर माझं नाव सांग.

आणि हे वर्षश्राद्धानंतर नको, या आठवड्यात. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाचे कागद तीनच वर्षं जपायचे असतात. मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात, तेव्हा 'उद्या या' ऐकून परत फिरू नकोस, लेखी अर्ज दे. सगळं हातात आलं की कॅन्सर जेनेटिक्सच्या ओपीडीत जा. टाटा मेमोरियलची खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, त्यांच्या संशोधन केंद्रात, आहे. तिथेही पहिल्यांदा वंशावळच मांडायला लावतात.

राहिली तुझी बहीण. तिचं लग्न ठरेपर्यंत यातलं काही बोलायचं नाही, असं काकांनी ठरवलंय म्हणतोस. गाठ काका वाटून घेणार आहेत का? तिला हे पत्र दाखव आणि फाइल आणायला दोघं मिळून जा.