आईची कंबर आणि तुझा प्रश्न

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आईला कंबरदुखीवर कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके दाबून-हलवून उपचार करणाऱ्याकडे, आराम पडतो, आणि फिजिओथेरपीच्या वर्गातली तुझी मित्रमंडळी त्याला भोंदूगिरी म्हणतात. आईचं खरं मानावं तर शिकलेलं खोटं ठरतं आणि शिकलेलं खरं मानावं तर आई, अशी तुझी ओढाताण होते आहे. ती मला समजते. पण या विषयात हातांचं काम वेगळं आहे आणि त्या कामामागे सांगितली जाणारी गोष्ट वेगळी. भांडणारे दोन्ही पक्ष या दोन्हींचं एकच गाठोडं बांधतात. तू ते सोडव.

आधी गोष्ट पाहू. 1895 साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर या कायरोप्रॅक्टिकच्या जनकांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला. लिलार्डला कमी ऐकू येत असे. त्या दाबण्याने त्याला ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. तू शरीररचनाशास्त्राचा पेपर दिला आहेस. ऐकण्याची नस कानातून निघून कवटीतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या कण्याशी तिचा संबंध नाही, हे तुला माहीत आहे. पामर तिथेच थांबले नाहीत. शंभरातले 95 आजार मणके जागचे हलल्यामुळे होतात, असं त्यांनी पुढे लिहिलं. या हलण्याला त्या पंथात 'सबलक्सेशन' म्हणतात. अस्थिरोगात हाच शब्द सांधा अर्धवट निखळण्यासाठी आहे आणि तो एक्स-रेत दिसतो. त्यांच्या अर्थाचं सबलक्सेशन रोगांचं मूळ आहे याला संशोधनाचा आधार नाही, हे 2010 साली ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या परिषदेनेच स्पष्ट केलं. घरच्या माणसांनीच हे सांगितलं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने 1963 साली भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिक हा धंदाच संपावा यासाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टर 1976 साली कोर्टात गेले. 1987 साली निकाल असोसिएशनच्या विरोधात लागला. खटला धंद्यातल्या स्पर्धेच्या कायद्याखाली होता, उपचार खरा की खोटा याचा निवाडा त्यात नव्हता. तरी 'कोर्टाने आम्हाला खरं ठरवलं' असं एक बाजू म्हणते, 'कायद्याच्या पळवाटेने सुटले' असं दुसरी. तुझ्या वर्गातला हेटाळणीचा सूर या जुन्या वैरातून आलेला आहे. तो वारसा तू घेऊ नकोस.

मग हातांच्या कामाचं काय? 2017 साली कंबरदुखीच्या 26 चाचण्यांचा एक आढावा आला. दुखणं नवं असताना मणक्यांवर झटका देऊन केलेल्या उपचाराने, वेदना शंभराच्या मापावर मोजली तर, सरासरी दहाएक गुणांचा फरक पडतो, असं त्यात दिसलं. दहा गुण म्हणजे फार नव्हे. पण कंबरेत उसण भरलेल्या माणसाला सकाळी पलंगाच्या कडेवर बसून मोजे घालताना पाहा. पाय उचलायचा, अर्ध्यावर श्वास रोखायचा, पुन्हा खाली ठेवायचा. चौथ्या प्रयत्नाऐवजी दुसऱ्याच प्रयत्नात मोजा चढला, तर त्याच्यासाठी तो दिवस बदलतो. जुन्या कंबरदुखीबद्दल 2019 साली 47 चाचण्यांचा आढावा झाला. तिथे हा उपचार इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचा ठरला, त्यांच्या वरचढ नाही. म्हणजे तुझ्या आईला जो आराम मिळतो तो खरा असू शकतो. तसाच आराम नेटाने केलेल्या व्यायामातूनही मिळू शकतो. शिवाय, नव्याने धरलेली कंबर बरेचदा काही आठवड्यांत आपोआपच सुटत येते, आणि माणूस उपचाराला जातो ते दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर जो कुणी हात लावेल त्याला यश येतं. त्याला येतं तसं तुला आणि मलाही.

त्या 'कट्' आवाजाबद्दल विचारलंयस. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगणासारखा द्रव असतो. ते पटकन विलग झाले की तिथला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडतेस तेव्हा होतं तेच. पण टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येतो तेव्हा त्याचे खांदे कसे सैल होतात, ते मी पाहिलं आहे. आपल्या दुखण्याचं कुणीतरी काहीतरी केलं, याचा पुरावा त्याला कानाने मिळतो.

म्हणूनच 1998 सालची दम्याची चाचणी मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. दमा असलेल्या मुलांचे दोन गट होते. नेहमीची औषधं दोघांना चालू. एकाला खरी कायरोप्रॅक्टिक हाताळणी, दुसऱ्याला नुसता तिचा देखावा. मुलांचा त्रास दोन्ही गटांत कमी झाला, आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मुलांना बरं वाटलं हे खोटं नव्हतं, पण श्रेय मणक्यांचं नव्हतं. दमा, कानाचे आजार, तान्ह्या बाळाचं रडणं यांवर कुणी मणके हलवायला निघालं, तर तिथे ठामपणे नाही म्हण. बाळाच्या बाबतीत तर आवाज चढवून म्हण.

आता माझी एक चूक सांगते, कारण या पत्राचा जीव तीच आहे. उमेदीच्या काळात एक बाई मानदुखीसाठी माझ्याकडे येत. एकदा त्या म्हणाल्या, "कायरोप्रॅक्टरकडे मान मोकळी करून आले, फार हलकं वाटलं." मी हसले. वर म्हणाले, "पैसे जास्त झालेत का?" त्या कसनुशा हसल्या आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांच्या मुलीकडून कळलं, की दर पंधरा दिवसांनी जाणं चालूच होतं. मध्यंतरी त्यांना चक्कर येऊ लागली होती, तीही त्यांनी माझ्यापासून लपवली. सुदैवाने काही बिघडलं नाही. पण मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणारी धमनी असते, तिचं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. मानेवरचा झटका आणि हे फाटणं यांचा संबंध नोंदवला गेला आहे. झटक्याने ते फाटतं, की आधीच फाटल्यामुळे मान दुखते आणि म्हणून माणूस उपचाराला जातो, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. घटना विरळ आहे. तरीही मानदुखीसोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं असं काही असेल तर ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. माझ्या एका हसण्याने ते दार मी बंद केलं होतं.

आईशी बोलताना हे लक्षात ठेव. 'तुला काही कळत नाही' या सुराने सुरुवात करू नकोस. कंबर दुखते तेव्हा पायात मुंग्या किंवा अशक्तपणा येतो का, लघवी अडते किंवा नकळत होते का, मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटते का, ताप असतो का, वजन घटलंय का, हे विचार. यातलं एकही 'हो' आलं तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. हाडं ठिसूळ असतील तर झटका नको. आणि तो गृहस्थ तिला काय सांगतो ते विचार. 'तुमचा मणका सरकलाय, दर महिन्याला बसवावा लागेल' हे वाक्य मला झटक्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. ते ऐकलेली माणसं वाकायला घाबरतात, चालणं कमी करतात, आणि मग खरोखरच आखडतात. मात्र तो तिला चालायला सांगत असेल, व्यायाम देत असेल, 'चार-सहा वेळा पाहू, फरक नाही पडला तर थांबू' म्हणत असेल, मानेला हात लावण्याआधी विचारत असेल, तर तिला जाऊ दे.

पुढच्या खेपेला तूही तिच्याबरोबर जा. कोपऱ्यात बस, मध्ये बोलू नकोस. त्याचे हात पाहा, तो काय म्हणतो ते ऐक, आणि टेबलावरून उतरताना आईचा चेहरा पाहा. मग मला सविस्तर लिही.

तुझी,
बाई