शत्रूचे सैनिक ड्रोनला शरण गेले होते, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. 1991 च्या आखाती युद्धात कुवेतजवळच्या फैलाका बेटावर इराकी सैनिकांनी 'पायोनियर' या अमेरिकी नौदलाच्या टेहळणी ड्रोनला पांढरी फडकी दाखवली होती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात हे ड्रोन ठेवलेलं आहे, त्याच्या माहितीतही ही नोंद सापडते. गंमत म्हणजे पायोनियरवर एकही शस्त्र नव्हतं. जेमतेम पाच मीटर पंखांचं यंत्र, पोटात कॅमेरा, मागे पंखा आणि स्कूटरसारखं फटफटणारं टू-स्ट्रोक इंजिन. युद्धनौकेवरून रॉकेटच्या धक्क्याने उडवायचं आणि परत आलं की डेकवर बांधलेल्या जाळ्यात झेलायचं, असा कारभार. मग घाबरायचं कशाला? तर त्याच्या मागून येणाऱ्या तोफगोळ्यांना. 'मिसुरी' आणि 'विस्कॉन्सिन' या नौकांच्या 16 इंची तोफा तीसेक किलोमीटरवरून मारा करायच्या आणि गोळा नेमका कुठे पडला, पुढचा कुठे टाकायचा, हे ड्रोनच्या चित्रावरून ठरायचं. फैलाकावर मिसुरीचा मारा आधी होऊन गेला होता. नुकसान पाहायला विस्कॉन्सिनचं ड्रोन खाली आलं, तेव्हा खंदकातल्यांना तो आवाज पुरेसा ओळखीचा होता. एक मात्र लक्षात घ्या: 'ड्रोनने सैनिक पकडले' असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. ड्रोनने फक्त पाहिलं. ताब्यात घ्यायला माणसांनाच जावं लागलं.