पोलाद ‘उकळते’ की ‘फसफसते’?

जळगावच्या तंत्रनिकेतनातील एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, पोलादनिर्मितीतील ‘कार्बन बॉइल’ (वितळलेल्या पोलादातून वायूचे बुडबुडे उसळणे) ही क्रिया प्रयोगशाळेत पाण्यावर कशी दाखवली, हे मराठी अहवालात लिहिताना ‘उकळणे’ हे क्रियापद चालेल का.

माझ्या मते चालवू नये; ‘फसफसणे’ म्हणावे. द्रव उकळतो तेव्हा त्याची स्वतःचीच वाफ होत असते. लोखंडाचा उत्कलनबिंदू २८०० अंश सेल्सिअसच्याही वर आहे आणि भट्टीतला रस असतो सुमारे १६०० अंशांवर. त्यातून वर येणारा वायू असतो तो रसात विरघळलेल्या कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड, आणि तोही थोडाथोडका नव्हे: एक टन रसातला एक टक्का कार्बन, म्हणजे १० किलो, अशा रीतीने निघून गेला तर त्या तापमानाला सव्वाशे घनमीटरांहून अधिक वायू होतो. आपल्याकडे वरण चुलीवर खदखदते आणि बट्टीच्या सोड्यावर लिंबू पिळले तर तो फसफसतो. या दोहोंची गल्लत खानदेशातल्या कोणत्याही घरात होत नाही.

प्रयोगशाळेतला नमुनाही सोड्याचाच असतो. तळातून नुसती हवा फुंकली तर बुडबुडे ठरलेल्या छिद्रांतूनच निघतात. म्हणून सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, म्हणजे अभिक्रिया होते तिथेच वायू जन्मतो. भांड्याच्या काचेला एखादा ओरखडा असेल तर नेमक्या त्याच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुटत राहते, आणि भट्टीत हेच काम तळाच्या विटांमधल्या बारीक खाचा करतात. वर तेलाचा थर दिला की तो धातुमळीची, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या मळीची, जागा घेतो. वायू अडकून ही मळी फुगते, तेव्हा मात्र ‘फेसाळणे’ हे वेगळे क्रियापद राखून ठेवावे.

पाणी निवडण्याचे कारण असे की, श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) आणि घनता यांचे गुणोत्तर पाण्यात व पोलादाच्या रसात जवळपास सारखे भरते, म्हणजे दोन्ही साधारण सारखेच वाहतात. पृष्ठताण मात्र रसाचा वीसपटींहून अधिक असतो, शिवाय पाणी काचेला ओले करते तसा रस विटेला करत नाही (काही ठिकाणी त्यासाठी तळाला मेण लावतात); तेव्हा ‘पोलादातही एवढेच बुडबुडे फसफसतात’ असे वाक्य अहवालात येऊ देऊ नये.

जाता जाता, ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन घालून ऑक्सिजन बांधून टाकला की ही फसफस थांबते. अशा ‘किल्ड’ पोलादाला ‘मृत’ म्हणण्यापेक्षा जर्मन भाषेतल्याप्रमाणे ‘शांत केलेले’ म्हणणे मला अधिक पटते.