आईचं अंग बाहेर येतं, ऑपरेशन ठरलंय. डोळ्यांना दिसतंय तर डॉक्टर सोनोग्राफी कशाला करायला लावतात?

"डोळ्यांना दिसतंय ते मशीन काय वेगळं सांगणार?" हे वाक्य आमच्या धाकट्या भाऊजींचं. तुमच्या प्रश्नात तेच वाचलं आणि राहवलं नाही.

अंग, म्हणजे गर्भपिशवी, किती खाली उतरलंय हे डॉक्टर हाताने तपासून, कुंथायला लावून ठरवतात. सोनोग्राफी त्यासाठी नसतेच मुळी.

सासूबाईंचं अंग कित्येक वर्षं बाहेर येत होतं. जुन्या लुगड्याची घडी लंगोटासारखी आवळायच्या आणि भांगलायला जायच्या. घरात चकार शब्द नाही. वाळत घातलेल्या फडक्यावर मला रक्ताचे डाग दिसले तेव्हा कुठे दवाखाना घडला. बाहेर आलेल्या भागावर घासून जखम झाली होती. पण पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईला रक्त दिसलं तर ते जखमेचं की पिशवीच्या आतलं, हे बघावंच लागतं. भाऊजी म्हणाले, कट प्रॅक्टिस आहे, डॉक्टरला कमिशन मिळतं, पिशवी काढायचीच तर आतलं बघून काय करायचं? मी म्हटलं, आत कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळं होतं.

रिपोर्ट आला. पिशवीचं आतलं अस्तर पातळ, ४ मिलिमीटरच्या आत. तिथे काही नव्हतं. पण दोन्ही किडन्या सुजलेल्या! अंग पार खाली आलं की किडनीकडून येणाऱ्या लघवीच्या नळ्याही ओढल्या जातात, मुरडतात, लघवी मागे तुंबते. दुखत काहीच नाही. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच उरत होती. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम कळतं, तेही वाढलेलं. भूलतज्ज्ञांनी तारीख पुढे ढकलली. अंग आत बसवून अ‍ॅक्रिफ्लेविन-ग्लिसरीन या औषधात भिजवलेला पिवळाधमक गॉज रोज बदलायचा, लघवीची नळी घातलेली. जखम भरली, क्रिएटिनिन उतरलं, मग ऑपरेशन.

भाऊजी अजून म्हणतात, "ऑपरेशननं सूज उतरणारच होती." उतरली असती हो. पण किडनीला त्रास देणारी वेदनाशामकं सासूबाईंना नंतर दिली नाहीत ती त्या रिपोर्टमुळेच. आणि त्या सोनोग्राफीचे पैसे मी दिले होते, त्यांनी नाही.

तेव्हा पैसे वाचवायचेच तर इथे वाचवू नका. उलट चिठ्ठीवर फक्त ओटीपोटाची सोनोग्राफी लिहिली असेल आणि अंग पूर्ण बाहेर येत असेल, तर किडन्या आणि लघवीनंतर उरलेली लघवीही बघणार का, असं विचारा. पिशवी ठेवून वर बांधणार असतील (तरुण बायकांत करतात, मुंबईच्या डॉ. शिरोडकरांच्या नावाची स्लिंग, म्हणजे पट्टीने पिशवी वर टांगायचं ऑपरेशन, त्यातलंच), तर आत आणि अंडाशयात काही नाही ना हे आधी कळायलाच हवं.

अंग थोडंसंच उतरलं असेल, रक्त नाही, लघवीचा त्रास नाही, तर किडन्यांवर परिणाम सहसा नसतो. किती तपासण्या हव्यात ते तुमचे डॉक्टर ठरवतील. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर धरला जाईलच असं नाही, त्यासाठी पॅप तपासणी वेगळी. शंका आली तर तपासायला तुकडाही काढतात, सासूबाईंच्या जखमेचा काढला होता.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरातलं कुणीतरी "बघ, गेले ना पैसे फुकट" म्हणेलच. आमच्याकडे मोतीबिंदूच्या आधी शुगर तपासली तेव्हाही म्हणाले होते.