भाताच्या खाचरात बूबी?

प्रश्न : आषाढात ऐन लावणीच्या दिवसांत दोन दिवस नुसता वारा घोंघावत होता, तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खाचरात हा एवढा मोठा पक्षी बसलेला, उडेचना. वरून तपकिरी, पोट पांढरं, मानेभोवती पांढरा पट्टा. चावायला येतो म्हणून काकांनी चोचीला रबरबँड लावला आणि कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला, दुपारी वनखात्याची माणसं घेऊन गेली. शेजारचे आजोबा म्हणतात बदक. मित्र म्हणतो समुद्रपक्षी, पण समुद्र इथून गाडीने तासाभराच्या वर! ४ फोटो पाठवतोय. कोण हा, आणि नोंद कशी करायची?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : आजोबांना सांगा, बदक नाही. तिसऱ्या फोटोत पाय दिसतोय बघा, बदकाची पुढची ३ बोटं पडद्याने जोडलेली असतात आणि मागचं सुटं, इथे चारही बोटं एकाच पडद्यात. त्यात चोच सरळ भाल्यासारखी, पाणकावळ्यासारखी टोकाला वाकडी नाही, म्हणजे बूबी, मित्र म्हणतो तसा समुद्रपक्षीच. आता कुठला बूबी? ब्राउन बूबीचं डोकं, मान, छाती सगळं सलग तपकिरी असतं, तुमच्याकडे पांढरी कॉलर आणि छातीही पांढरी, म्हणून माझ्या मते मास्क्ड बूबी, लहान वयाचा. मोठेपणी हा पांढराशुभ्र होतो, फक्त पंखांची कड, शेपटी आणि चोचीभोवतीचा मुखवटा काळा.

हे तिकडे ओमानच्या हल्लानियत बेटांवर वगैरे घरटी करतात. पावसाळी वाऱ्याने ढकललेले, दमलेले बूबी आपल्या किनाऱ्यावर सापडतात, पण सह्याद्रीच्या पायथ्याशी म्हणजे कमालच!

रबरबँडचं मात्र बोलायलाच हवं. काकांनी चांगल्याच हेतूने केलं असणार, पण बूबी उंचावरून पाण्यात सूर मारतो म्हणून त्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात, श्वास तोंडाने. चोच बांधली की गुदमरला. पुढच्या वेळी डोक्यावर टॉवेल टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, बांगडा कोंबू नका, नदीत सोडू नका, आणि वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ ला फोन.

नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर करा. फोटो फोनमधले मूळ टाका, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले नको, त्यात तारीख-लोकेशन उडतं आणि पायाचे बारकावेही जातात. पिन खाचरावरच लावा, नुसतं 'रत्नागिरी' लिहिलंत तर पक्षी किनाऱ्यावर बसलेला दिसेल आणि सगळी मजाच गेली. दोन दिवसांचा वारा, काय काय दिसलं ते आठवतंय तोवर साध्या शब्दांत लिहा, पुस्तकातलं वर्णन उतरवू नका. ईबर्डवर नोंदी तपासणारे उलट प्रश्न विचारतील, रागावू नका, एवढ्या आतला बूबी म्हटल्यावर मीही विचारले असते. आणि वनखात्याकडे चौकशी करा पक्ष्याचं पुढे काय झालं, तेही त्याच नोंदीत जोडा.