जर्मनीत नोकरी जातेय, बेकारी भत्ता घेतला तर ब्ल्यू कार्ड जाईल का?

प्रश्न थोडक्यात असा. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, स्टुटगार्टजवळ एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनियर, तीन वर्षं दोन महिने झाले, ब्ल्यू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना) आहेत, पगार ५,६०० युरो ग्रॉस, नवरा सध्या जर्मनचा क्लास करतोय, मुलगी चार वर्षांची. कंपनीने एक कागद पुढे केलाय की आपण दोघांच्या संमतीने ३० एप्रिलला करार संपवू, आम्ही १२,००० युरो देतो, शुक्रवारपर्यंत सही करा. कॉन्ट्रॅक्टमधे नोटीस तीन महिन्यांची आहे, म्हणजे कंपनीने रीतसर काढलं तर शेवटचा दिवस ३० जून. यांचा प्लॅन असा की सही करायची, बेकारी भत्ता अजिबात मागायचा नाही कारण 'सरकारी मदत घेतली की व्हिसाचं वाटोळं' असं ग्रुपवर कोणीतरी सांगितलंय आणि सासरेही म्हणतात की फुकटचे पैसे नकोत, मग सेव्हिंगमधले १४,००० आणि हे १२,००० यावर भागवायचं.

ताई, तुम्ही घाबरताय चुकीच्या गोष्टीला. भत्ता घ्या, बिनधास्त घ्या. घाबरायचं असेल तर त्या शुक्रवारच्या सहीला घाबरा.

आधी सासऱ्यांचं. तुमची पगाराची स्लिप काढा, त्यात एव्ही अशी एक ओळ असेल, बेकारी विम्याची, १.३ टक्के, म्हणजे तुमच्या पगारावर महिन्याला साधारण ७३ युरो, आणि तेवढेच कंपनी भरते. ३८ महिने भरलेत तुम्ही. एलआयसीचे हप्ते भरून मॅच्युरिटीला 'राहू दे हो, फुकटचे पैसे नकोत' म्हणणारा एक कोल्हापूरकर मला दाखवा, मग बोलू. जर्मन रेसिडेन्स कायद्यातसुद्धा हा फरक केलेला आहे, हप्ते भरून मिळणारे पैसे हे 'सरकारवर बोजा' यात धरत नाहीत. ज्याने व्हिसाला खरंच त्रास होऊ शकतो ते बुर्गरगेल्ड, जॉबसेंटरकडून मिळतं ते, गरज बघून दिलेलं. आपण मागतोय ते आर्बाइट्सलोझनगेल्ड, सगळे एएलजी वन म्हणतात. दोन्हीची नावं ग्रुपवर लोक एकात एक करून टाकतात आणि मग सगळ्यांची झोप उडते.

किती मिळेल? मूल असेल तर नेटच्या ६७ टक्के, नसेल तर ६०. तुम्ही टॅक्स क्लास तीनमधे आहात, हातात साधारण ३,८५० येतात, म्हणजे भत्ता अंदाजे २,६०० महिना धरा. शेवटच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरलेले लागतात, ते तुमचे आहेतच, आणि एकूण २४ किंवा जास्त महिने भरले असले की १२ महिने भत्ता मिळतो. तिघांचा हेल्थ इन्शुरन्स चालू राहतो, पेन्शनचे हप्तेही एजन्सी, म्हणजे भत्ता देणारं सरकारी रोजगार ऑफिस, भरते. मुलीचे किंडरगेल्डचे, म्हणजे मुलांसाठी मिळणाऱ्या भत्त्याचे, २५९ वेगळे. तुमचा खर्च तुम्हीच लिहिलाय, २,३५० घरभाड्यासकट आणि पुण्याच्या फ्लॅटचा ४४,००० चा ईएमआय म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास, बेरीज पावणेअठ्ठावीसशे. भत्ता आणि किंडरगेल्ड मिळून साडेअठ्ठावीसशे. बसतंय की. अगदी काठोकाठ, पण सेव्हिंगला हात न लावता. (भत्त्यावर टॅक्स कापत नाहीत पण बाकी उत्पन्नाचा टॅक्स रेट त्याच्यामुळे वर सरकतो आणि रिटर्न भरावंच लागतं, तेव्हा पुढच्या वर्षी थोडं बिल येईल हे डोक्यात असू द्या.)

आता त्या कागदाकडे येऊ, खरी गंमत तिथे आहे. स्वतः राजीनामा दिला किंवा असा संमतीचा करार, आउफहेबुंग्सफरट्राग, सबळ कारण नसताना सही केला की एजन्सी म्हणते नोकरी तुम्हीच सोडलीत, आणि १२ आठवडे भत्ता बंद, याला श्पेरत्साइट म्हणतात. नुसता उशिरा सुरू होतो असं नाही, एकूण मुदतीतला पाव भाग कापला जातो, तुमच्या १२ महिन्यांचे ९ होतात. एक वाट आहे, कंपनी नाहीतरी धंद्याच्या कारणाने काढणारच होती, नोटीसचा काळ पूर्ण पाळला आणि रक्कम नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या ग्रॉस पगारापर्यंत असली तर सहसा श्पेरत्साइट लावत नाहीत. तुमच्या कागदात नोटीस दोन महिने कापलीय आणि अर्ध्या पगाराच्या हिशोबाने बसतात साधारण ८,८००, देतायत १२,०००. दोन्हीकडून अडकलात.

वहीवर मांडून बघा. सही केलीत तर मे-जूनचा पगार गेला, ७,७००. श्पेरत्साइट १ मेपासून धरली तर २३ जुलैपर्यंत, म्हणजे जुलैचाही बहुतेक भत्ता गेला, साधारण २,०००. झाले ९,७००. आणि ते १२,००० टॅक्स जाऊन हातात येताना दहाच्या आतच येतील. म्हणजे मिळालं काय, तर तुमचेच पैसे पाकिटात घालून परत, वर शेवटचे तीन महिने कायमचे उडाले, जे लागले तर ७,८०० चे आहेत. उलट कंपनीला तुमचे ते दोन महिने त्यांच्या बाजूचे हप्ते धरून साडेतेरा हजाराला पडतात. बारा देऊन साडेतेरा वाचवतायत आणि तुम्हाला वाटतंय मोठं मन दाखवलं. एचआरवाल्या बाई गोड बोलतात म्हणून लिहिलंय तुम्ही, बोलणारच.

तर शुक्रवारी सही नाही. उत्तर एवढंच द्यायचं की वकिलाला दाखवून कळवते, आणि खरंच कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा, याच्यात कंजुषी नको. मागायचं काय तर शेवटचा दिवस ३० जून, कागदावर स्पष्ट कारण की धंद्यामुळे कंपनी नाहीतरी काढणारच होती, आणि रक्कम ८,८०० च्या आसपास. ऐकायला बारापेक्षा कमी, पण घरात जास्त येतात. नाही म्हणाले तर म्हणा रीतसर काढा. नोटीस हातात पडली की त्याविरुद्ध कोर्टात जायला फक्त तीन आठवडे असतात, आणि बऱ्याचदा रक्कम खरी वाढते ती त्या तीन आठवड्यांत दावा टाकल्यावर होणाऱ्या कोर्टातल्या तडजोडीत.

नोकरी कधी संपणार हे कळलं की लगेच एजन्सीकडे 'काम शोधतेय' अशी नोंद करा. तीन महिने आधी करायची असते, तेवढा वेळ नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत, नाहीतर एक आठवड्याचा भत्ता उगाच जातो. आणि मग पहिल्या बेकार दिवशी 'बेकार झाले' अशी दुसरी नोंद, ही वेगळी आहे हं, लोक पहिली करून निवांत बसतात. तुमच्या रेसिडेन्स कार्डाची ऑनलाइन ओळख चालू असेल तर घरून होते, पिनचं पाकीट कुठे ठेवलंय ते आजच शोधा. नोकरी संपल्याचं आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे व्हिसा-परवान्याच्या ऑफिसला, दोन आठवड्यांत कळवायचं.

आणि इथे मात्र तुमची भीती थोडी खरी आहे, फक्त ती भत्त्यामुळे नाही, नोकरी नसल्यामुळे आहे. युरोपियन युनियनच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे दोन वर्षांहून जास्त काळ ब्ल्यू कार्ड असलेल्याला नवी नोकरी शोधायला सहा महिने मिळायला हवेत. त्यापुढे ऑफिस परवान्याची मुदत कमी करू शकतं. म्हणजे पैसे बारा महिन्यांचे, पण निवांत वेळ सहाच महिन्यांचा समजा. नव्या नोकरीचा पगार आधीपेक्षा कमी असला तरी चालेल, ब्ल्यू कार्डची २०२६ ची मर्यादा वर्षाला ५०,७०० आहे, तुम्ही आत्ता सदुसष्ट हजारांवर आहात, तेवढी जागा आहे खाली यायला. एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, ए-वन जर्मनवर २७ महिन्यांत आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांत पर्मनंट रेसिडेन्सचा अर्ज करता येतो, तुमचे ३८ झालेत आणि तुम्ही लिहिताय 'करू करू म्हणत राहिलं'. असो.

शेवटचं, गणपतीला दोन महिने कोल्हापूरला यायचं म्हणताय भत्ता चालू असताना. तसं चालत नाही. वर्षातून तीन आठवडे बाहेर राहता येतं तेही एजन्सीला आधी विचारून, हो म्हणाले तरच. माझ्या एका क्लायंटने न सांगता महिनाभर नाशिक गाठलं, इकडे पोस्टाच्या डब्यात एजन्सीचं बोलावणं पडून, शेजारणीने फोटो पाठवला तोवर तारीख गेलेली, सगळ्या महिन्याचे पैसे परत करावे लागले. तुम्ही तीन आठवड्यांची परवानगी आधी मागा, मिळाली तर सप्टेंबरात आरती करा, आणि नवऱ्याला म्हणावं क्लास बुडवू नकोस.