दीड ग्रॅमची फट

तिकीट आधी रद्द करा. पैसे परत मिळाले नाहीत तरी करा. आईंच्या पंचाहत्तरीला अमेरिकेतून कोल्हापूरला जायचं आहे हे तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. सगळं प्रकरण त्या ओळीत आहे.

बाकीची हकीकत थोडक्यात. २००९ मध्ये बहिणीच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळालं. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला पोलिसांनी गाडी अडवली, गांजाची पिशवी सापडली आणि पोलिसांनी वजन लिहिलं ३१ ग्रॅम. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम ११३५७(सी)खाली, म्हणजे २८.५ ग्रॅमहून जास्त गांजा बाळगल्याचा गुन्हा तुम्ही कबूल केलात आणि दंड भरून सुटलात. राज्यात गांजा कायदेशीर करणाऱ्या २०१६च्या प्रस्ताव ६४ नंतर नोंद सीलबंद झाली. आता मित्र म्हणतोय, गांजाच्या दुकानाच्या इक्विटी परवान्यात (गांजाच्या जुन्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी ठेवलेल्या) भागीदार हो. आणि तुम्ही, या पेचातल्या बहुतेकांसारखे, विचारताय की केस पुसली गेली, मग अडचण कसली?

राज्याने पुसलं, केंद्राने नाही. शिक्षा भोगून झाली किंवा कायदा बदलला म्हणून राज्याने दिलेली माफी इमिग्रेशन कायदा जमेस धरत नाही. प्रस्ताव ६४खाली सौम्य केलेल्या जुन्या गांजाच्या गुन्ह्याबद्दल नवव्या सर्किट न्यायालयाने (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील न्यायालय) २०२० मध्ये हेच सांगितलं. पहिल्याच बाळगण्याच्या गुन्ह्याची कबुली १४ जुलै २०११ च्या आधीची असेल, तर या सर्किटमध्ये जुना, मवाळ नियम लागू होऊ शकतो. तुमची कबुली त्यानंतरची आहे. बायडेन यांची २०२२ आणि २०२३ ची माफी केंद्र सरकार आणि वॉशिंग्टन डी.सी.च्या गुन्ह्यांपुरती होती, राज्याच्या खटल्यांना ती लागत नाही. गांजा केंद्राच्या अमली पदार्थांच्या पहिल्या, सर्वात कडक यादीतून तिसऱ्या यादीत गेला तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो, त्यामुळे त्या बातम्यांवरही विसंबू नका.

आता ज्यावर सगळं ठरतं ते कलम. अमेरिकेतून हद्दपार करण्याच्या तरतुदीत एक अपवाद आहे: स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल तर ग्रीन कार्डवाल्याला घालवता येत नाही. आणि वजन ३० ग्रॅमच्या वर होतं हे सरकारने सिद्ध करायचं असतं. प्रवेश नाकारण्याच्या तरतुदीत मात्र हा अपवादच नाही. एरवी परदेशातून परतणाऱ्या ग्रीन कार्डवाल्याला नव्याने प्रवेश मागणारा समजत नाहीत, पण अमली पदार्थाचा असा गुन्हा असला की समजतात. म्हणजे ऑकलंडमध्ये बसून राहिलात तर कायदा तुमच्या बाजूने झुकतो, आणि मुंबईहून परत येऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात की तोच कायदा तुमच्याविरुद्ध जातो. गेल्या खेपेला परतताना कुणी हटकलं नाही, हे नशीब. त्याला परवानगी समजू नका.

प्रवेशाच्या वेळी अडवलं तर २१२(एच) नावाची सवलत आहे, पण तीही ३० ग्रॅमच्या आतल्यांनाच, आणि तिथे वजन सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ११३५७(सी) म्हणजे वजन २८.५च्या वर होतं हे ठरलेलंच. तुम्हाला उरते दीड ग्रॅमची फट. ३१ हा आकडा पिशवीसकट होता की निव्वळ? झिपलॉकची पिशवीच दोनतीन ग्रॅम भरू शकते, आणि झाडाचे जून देठ केंद्राचा कायदा गांजात धरत नाही. पोलिस अहवाल, जप्तीची पावती आणि प्रयोगशाळेचा कागद (लहान केसमध्ये तो बरेचदा निघतच नाही) यांतूनच ते कळेल. इथे तुमचा हलगर्जीपणा नडतो. कॅलिफोर्नियात अशा नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायची तरतूद आहे, आणि तुमच्याजवळच्या प्रती तुम्ही ‘आता कशाला हव्यात’ म्हणून फाडून टाकल्यात. एफबीआयकडे बोटांचे ठसे आणि अटकेची नोंद बहुधा असेलच. तुम्हाला वाचवू शकला असता तो वजनाचा कागदच कदाचित उरलेला नाही. जुन्या वकिलाची फाइल आजच मागा. एफबीआयचा स्वतःचा अहवाल १८ डॉलरला आणि राज्याचा २५ डॉलरला मिळतो, दोन्ही मागवा.

सात वर्षं सलग राहिलेल्याला मिळणारी दुसरी सवलत तुम्हाला बंद आहे, कारण गुन्ह्याच्या दिवशी ते घड्याळ थांबतं आणि तेव्हा तुमची तीनच वर्षं झाली होती.

त्या रात्रीच्या कोठडीनंतर सायरन ऐकला तरी हात थरथरतात, असं तुम्ही लिहिलंय. समुपदेशकाकडे जरूर जा. पण २१२(एच)च्या एका वाटेत पत्नी, मुलं, आईवडील यांपैकी जे अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील त्यांचाच त्रास मोजतात, तुमचा नाही. दुसरी वाट गुन्ह्याला १५ वर्षं झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबर २०२७ नंतर उघडते. तिथे सुधारणेचा पुरावा लागतो, आणि समुपदेशकाची कागदपत्रं तेव्हा उपयोगी पडू शकतात.

परवान्याला स्पष्ट नकार द्या. कमी उत्पन्न आणि ५ नोव्हेंबर १९९६ नंतर ऑकलंडमध्ये गांजाच्या गुन्ह्यात झालेली शिक्षा, या जोडीवर तिथे इक्विटी परवान्यासाठी पात्र ठरता येतं. ज्यांना पोलिसांनी सर्वात जास्त छळलं त्यांना धंद्यात वाटा मिळावा, हा हेतू चांगलाच आहे. पण तो परवाना नागरिकांनाच परवडतो. केंद्राच्या लेखी दुकानातली भागीदारी म्हणजे अमली पदार्थांचा व्यापार. त्यासाठी शिक्षा व्हावी लागत नाही, सबळ संशय पुरतो, आणि त्यावर २१२(एच) चालत नाही. जाणूनबुजून त्या पैशाचा फायदा घेणारी बायको-मुलंही पाच वर्षं त्यात ओढली जाऊ शकतात. पगारी नोकरीसुद्धा नको: राज्यात कायदेशीर असलेलं गांजाचं कामही नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्याच्या आड येतं, हे इमिग्रेशन खात्याने १९ एप्रिल २०१९ ला लेखी स्पष्ट केलंय. तो अर्जही सध्या करू नका. त्यात सीलबंद नोंदीसुद्धा सांगाव्या लागतात आणि लपवणं हा वेगळा गुन्हा होतो.

करायचं ते असं. अलामेडा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात दंड संहितेच्या कलम १४७३.७ खाली कबुली रद्द करण्याचा अर्ज करा. इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस आल्यावर ढिलाई केली तर उशिराचा मुद्दा निघतो. नोटीस अजून आलेली नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू. कबुलीचे इमिग्रेशनवरचे परिणाम तुम्हाला नीट समजले नव्हते, आणि समजले असते तर ती दिली नसती, हे दाखवायचं आहे. नुसतं तुमचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. २०२१ पासून राज्याचं सर्वोच्च न्यायालय त्या काळातला स्वतंत्र पुरावा मागतं. बहीण आणि घर इथे असणं, वकिलाच्या टिपणांत ग्रीन कार्डाचा उल्लेखच नसणं, शांतताभंगासारखा निरुपद्रवी गुन्हा कबूल करायची सोय असणं, असं काहीही. ‘हद्दपारी होऊ शकते’ एवढं न्यायाधीशांनी तेव्हा वाचून दाखवलं असलं तरी तेवढ्याने दार बंद होत नाही. किती महिने लागतील ते कोर्टाच्या गर्दीवर. सुनावणी दोनदा पुढे गेली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आदेशात कबुली ‘कायदेशीरदृष्ट्या अवैध’ ठरवून रद्द केली आणि का रद्द केली, ते लिहून घ्या. ‘न्यायाच्या हितासाठी’ एवढंच असेल तर इमिग्रेशनवाले तो कागद बाजूला सारतील. कबुली गेली की मूळ केस पुन्हा जिवंत होते, म्हणून सरकारी वकिलाकडून ती त्याच दिवशी काढून टाकायला लावा, बदल्यात बाळगण्याची कुठलीही नवी कबुली देऊ नका. आणि आदेशाच्या पाच प्रमाणित प्रती घ्या, हीही फाइल नष्ट व्हायच्या आत.